दात साफ केल्यावर काय खायचं?

‘दात साफ केले की हलायला लागतात.’ आमच्या झरी जामणी भागात हे वाक्य एवढ्या खात्रीनं सांगतात की डॉक्टरचं बोलणं त्यापुढे फिकं पडतं. अब्बांचाही यावर पूर्ण विश्वास. पन्नाशीनंतर त्यांच्या दाढा एकेक करून गेल्या, तेव्हा घरात सगळे म्हणाले, वय झालं. वयाचा तिथे फारसा संबंध नव्हता. हिरड्यांतून वर्षानुवर्षं रक्त येत होतं आणि त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं.

त्यामुळे वणीच्या डेंटिस्टनं मला ‘डीप क्लीनिंग’ करायला सांगितलं, तेव्हा अम्मीनं आधी दुआ केली आणि मग विरोध. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली खाच साधारण 3 मिलिमीटरपर्यंत असते. माझी काही ठिकाणी 5 भरली. तेवढ्या खोलवर ब्रश पोचत नाही. तिथलं कीटण हिरडी बधिर करूनच खरवडावं लागतं. माझं काम दोन खेपांत झालं, एकदा उजवी बाजू, एकदा डावी.

आता त्या ‘हलण्या’विषयी. सुजलेली हिरडी साफ झाली की आकसते. फटीत बसलेलं कीटणही निघून गेलेलं असतं. मग दात लांब दिसतात, मध्ये फटी जाणवतात, काही दिवस सैलही वाटतात. दाताखालचं हाड मात्र आधीच झिजलेलं असतं. ते सफाईनं झिजत नाही, उलट पुढची झीज थांबावी म्हणूनच सफाई करतात.

पहिल्या दिवशी सगळ्यात अवघड गेलं ते चहाशिवाय राहणं. बधिरपणा दोन-चार तास टिकतो. तेवढ्यात जेवलं तर गाल चावला जातो आणि तो चावल्याचं कळतही नाही. मी कपाला हात लावला तर अम्मी ओरडली, “गरम मत पी, मुँह जल जाएगा!” संध्याकाळी मुगाची मऊ खिचडी खाल्ली, कोमट, वर तूप. दुसऱ्या दिवशी ज्वारीची आंबील, दही-भात, केळं. तिसऱ्या दिवशी बिनमिरचीचं वरण आणि त्यात कुस्करलेली भाकरी. कडेचा कडक भाग बाजूला ठेवला. आपल्या घरात आजाऱ्याला जे देतात तेच इथे चालतं, विकतचं खास काही आणावं लागत नाही. टाळायचं ते ठेचा, लिंबू, चिवडा, शेंगदाणे आणि तीळ. बारीक कण हिरडीत अडकतात. बर्फाचं पाणीही नको, थंड-गरम एक-दोन आठवडे झोंबतं.

अडचण आली ती दावतीची. चौथ्या दिवशी नात्यात अकीका होता. आपल्याकडे बिर्याणीला नाही म्हणणं म्हणजे यजमानाला नाही म्हणणं. मी लवंग-दालचिनी वेचून मऊ भात आणि दही घेतलं, बोटी शेजारच्याला दिली. मटणाचे धागे फटीत अडकले की सगळी मेहनत पाण्यात.

खर्र्याचं काय, हे पानठेल्यावरच्या मित्रांनीच विचारलं. राज्यात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, खर्रा मात्र आजही घोटला जातो. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त येत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आत आजार वाढत असतो आणि सफाईनंतरची जखमही उशिरा भरते. सुपारी तर ओल्या हिरडीवर खडे टोचावेत तशी. दोन आठवडे सोडा म्हटलं की लोक हसतात. हसू द्या.

कोमट पाण्याच्या कपात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा गुळणी करायची, तीही हळू. वुजूतली कुल्लीही तशीच, जोर न लावता. मिस्वाक सुन्नत आहे आणि ती मला प्रियही आहे, पण हिरडी दुखरी असेपर्यंत मी मऊ ब्रशच वापरला. क्लोरहेक्सिडीनचं औषधी पाणी दिलं असेल तर चव बदलते, चहा घेणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. अम्मीला वाटलं, मी पान खाऊन आलो! ते डाग नंतर पॉलिशनं निघतात.

ब्रश करताना पहिले एक-दोन दिवस थोडं रक्त येतं. ते थांबत नसेल, सूज वाढत असेल, ताप किंवा पू असेल तर आंबीलवर भागवू नका, डॉक्टरकडे जा. खर्च परवडत नसेल तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. प्रवास लांबचा आहे, पण दाढ गेल्यावर कवळी बसवायलाही प्रवास करावाच लागतो.

आता पाळी अम्मीची. तिला शुगर आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही. तारीख ईदनंतरची घेतली आहे, म्हणजे रोज्यात गोळ्या आणि गुळण्यांची ओढाताण नको. जाताना नेहमीच्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यायची, रक्त पातळ करणारी कुठली असेल तर ती आधीच सांगायची. आणि शुगरवाल्यानं उपाशी जायचं नाही, जेवून, नेहमीची गोळी घेऊनच निघायचं.