अपेक्षित पगार

नोकरीच्या अर्जातले नाव, पत्ता, जन्मतारीख हे रकाने माणूस भराभर भरतो. पेन अडते ते 'अपेक्षित पगार' या रकान्यापाशी. जास्त लिहावे तर अर्ज टोपलीत आणि कमी लिहावे तर आपण टोपलीत! मग मराठी माणूस तिथे 'नियमानुसार' असे लिहून मोकळा होतो. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी दहा मिनिटे हुज्जत घालणारे आम्ही, स्वतःची किंमत सांगायची वेळ आली की एकदम संतपदाला पोचतो.

माझ्यावर ही वेळ कधी आली नाही. मी सरकारी बँकेतला कारकून. आमचा पगार आम्ही मागत नाही, आमच्या वतीने संघटना मागते. बारावा द्विपक्षीय करार झाला 8 मार्च 2024 रोजी आणि लागू झाला 1 नोव्हेंबर 2022 पासून. म्हणजे सोळा महिने आम्हाला स्वतःचा खरा पगार ठाऊकच नव्हता! त्या करारात कारकुनाचे अख्खे आयुष्य एका ओळीत छापले आहे. मूळ वेतनाची सुरुवात 24,050, शेवट 64,480 आणि मध्ये नुसत्या आडव्या रेघा. आम्हाला ज्योतिषाची गरज नाही.

तरीही भाची सल्ला मागायला माझ्याकडेच आली, कारण घराण्यात बी. कॉम. मी एकटा. तिच्या हातात दोन कंपन्यांची पत्रे होती. एक वर्षाला सहा लाख देणार होती, दुसरी पाच लाख चाळीस हजार. काम तिला दुसरीकडचे आवडले होते. पण ताईने 'सहा लाख' हा आकडा अगोदरच सोसायटीभर पोचवला होता.

मी चष्मा पुसून पत्रे वाचायला घेतली. सहा लाख म्हणजे महिना पन्नास हजार. त्यातले पाच हजार 'कामगिरीनुसार', म्हणजे साहेबाच्या मर्जीनुसार. मूळ पगार पंचवीस हजार. त्यावर बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी कंपनीचा, पण धरलेला हिच्याच सहा लाखांत. तेवढाच पुन्हा हिच्या पगारातून. ग्रॅच्युइटीचे 1,202 रुपयेही त्यातच, आणि ती मिळायला साधारण पाच वर्षे टिकायला हवे. व्यवसाय कर दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. उरले 37,598.

दुसऱ्या पत्रात मर्जीचा भाग नव्हताच. मूळ पगार साडेबावीस हजार. याच वजाबाक्या करून हातात 38,318!

"म्हणजे मामा, कमी पगारात जास्त पगार आहे?"

"हो. पत्रावरचा आकडा सोसायटीला सांगायचा असतो, हातातला घरमालकाला द्यायचा असतो."

घरमालक मी उगाच काढला नव्हता. पोरगी पुण्यात भाड्याने राहते, शिवाय शैक्षणिक कर्जाचा हप्ता आहे. मी तिला दुसऱ्या कंपनीकडे पाच लाख ऐंशी हजार मागायला सांगितले. ताई हादरली. "दिलंय ते काढून घेतील हो! आणि मुलीच्या जातीनं असं तोंड वर करून पैसे मागायचे?" मी म्हटले, "ताई, संघटना आमच्यासाठी हेच करते. हिची संघटना हिलाच व्हायला हवं."

फोन लागला. पलीकडच्या बाईंनी पहिल्याच फटक्यात विचारले, सध्याचा पगार किती? भाची म्हणाली, "तो सांगते, पण हे काम वेगळं आहे, जबाबदारी जास्त आहे. या कामासाठी माझी अपेक्षा पाच लाख ऐंशी हजारांची आहे." आणि गप्प बसली. पगाराच्या बोलण्यात सर्वांत अवघड भाग हाच. आकडा सांगून झाल्यावर आपल्याच्याने राहवत नाही, आणि 'थोडं कमी-जास्त चालेल' हे वाक्य आपोआप तोंडातून निसटते. ताईच्या तर ते ओठांवर आले होते. मी तिच्या हातात चहाचा कप दिला.

दोन दिवसांनी कळवले: पाच लाख सत्तर हजार, लेखी. पत्र हातात पडल्यावरच भाचीने जुन्या नोकरीचा राजीनामा दिला.

एका वाक्याचे वर्षाला तीस हजार! आणि त्यानंतरच्या क्षणभराच्या शांततेचे वेगळे काही लावले नाहीत. माझ्या त्या छापील ओळीत सुरुवातीची वार्षिक वाढ महिना 1,340 रुपयांची आहे. तिच्यासाठी सबंध वर्ष काउंटरवर बसावे लागते.

ताई मात्र अजून सोसायटीत सहा लाखच सांगते. तिला कुणी हातात किती पडतात असे विचारत नाही.