झुंबडींतला गोल

निरुपयोगी माहितीची गोडी लागणें हें वय झाल्याचें पहिलें लक्षण होय, असें आमच्या घरांतील तरुण मंडळींचें मत आहे. आणि गेलें वर्षभर माझें जें चाललें आहे तें पाहतां त्या मताला पुरावा नाहीं असें मला म्हणवत नाहीं. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं मी संगणकापुढें बसतों आणि इंग्लंडांतील जुन्या फुटबॉल सामन्यांचे गोल शोधूं लागतों. मीं इंग्लंड पाहिलेलें नाहीं. बोल्टन, डर्बी, लेस्टर या गांवांशीं माझा काडीचाही संबंध नाहीं. परंतु १९३० सालीं एप्रिलच्या २१ तारखेला लेस्टरच्या मैदानावर किती गोल झाले हें कोणी मला झोपेंतून उठवून विचारलें तरी सांगतां येईल. बारा झाले, दोन्ही पक्षांचे सहा सहा.

या शोधाचें साधन मोठें सोयीचें आहे. इंग्लंडांतील फुटबॉल लीग १८८८ सालीं सुरू झाली. तेव्हांपासूनच्या लाखावर सामन्यांचे निकाल हौशी लोकांनीं एकत्र करून इंटरनेटवर खुले केले आहेत. त्याला डेटाबेस असें भारदस्त नांव असलें तरी ती शेवटीं एक अवाढव्य रोजकीर्दच. पडद्यावर चारदोन चौकटी दिसतात. एकींत संघाचें नांव घालावें, दुसरींत साल, तिसरींत गोलांचा आंकडा, आणि कळ दाबावी. जें काढावयास पूर्वीं एखाद्या चिकाटीच्या माणसाला अख्खा हिवाळा पुरला नसता, तें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत समोर येऊन उभें राहतें. सहा-सहा अशी बरोबरी किती वेळां झाली, असें मीं विचारलें, तेव्हां त्या सगळ्या राशींतून दोनच सामने वर आले: एक हा लेस्टर व आर्सेनल यांचा, आणि दुसरा २२ ऑक्टोबर १९६० रोजीं चार्ल्टन व मिडल्सब्रो यांचा.

यंत्र एवढेंच सांगून थांबतें, आणि माझ्यासारख्या माणसाचें खरें काम तेथून पुढें सुरू होतें. लेस्टरच्या त्या सामन्यांत आर्सेनलच्या सहांपैकीं चार गोल हॅलिडे नांवाच्या एकट्या गड्याचे होते. पुढच्याच शनिवारीं वेम्ब्लीला चषकाचा अंतिम सामना होता. आर्सेनलनें तो दोन-शून्य असा जिंकला. खेळणाऱ्या अकरांच्या यादींत मीं हॅलिडेचें नांव शोधलें. तें तेथें नाहीं. पांच दिवसांपूर्वीं चार गोल केलेल्या माणसाला त्या दुपारीं काय वाटलें असेल हें विचारण्याची चौकट अद्याप कोणी तयार केलेली नाहीं.

असेच नाना तऱ्हेचे प्रश्न मी विचारीत असतों. १९६३ सालीं नाताळच्या दुसऱ्या दिवशीं पहिल्या श्रेणींत दहा सामने झाले आणि त्यांत सहासष्ट गोल पडले. फुलमनें इप्स्विचचा दहा-एक असा फडशा पाडला. दोनच दिवसांनीं तेच दोन संघ इप्स्विचला भेटले, आणि इप्स्विच चार-दोन जिंकलें! यावरून काय सिद्ध होतें? कांहींच नाहीं. कांहींही सिद्ध न करणाऱ्या गोष्टी वाचण्यांत जो आनंद असतो तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगावयास नको, व ज्यांना ठाऊक नाहीं त्यांना सांगून उपयोग नाहीं.

मात्र एक सावधगिरी लवकरच शिकावी लागते. आंकडा एकटा भेटला तर त्याचा पाहुणचार करूं नये. त्याचें कुळगोत्र आधीं विचारावें. १९२४-२५ च्या हंगामांत लीगच्या सगळ्या श्रेणी मिळून ४,७०० गोल झाले, आणि पुढच्या हंगामांत सामने तितकेच असून ६,३७३ झाले. एका उन्हाळ्यांत इंग्लंडांतल्या साऱ्या खेळाडूंच्या पायांत एकदम कोठून बळ आलें? बळ आलें नव्हतें, नियम बदलला होता. पुढें चेंडू मिळणाऱ्या गड्याच्या व गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावेत असा ऑफसाइडचा जुना नियम होता. १९२५ सालीं तिनाचे दोन केले. त्यानंतर १९२६-२७ मध्यें मिडल्सब्रोच्या कॅम्सेलनें दुसऱ्या श्रेणींत एकोणसाठ गोल केले, आणि लगेच पुढच्या हंगामांत एव्हर्टनच्या डिक्सी डीननें पहिल्या श्रेणींत साठ. डीनचा मोठेपणा यानें तिळभरही कमी होत नाहीं. पण त्याच्या साठांपुढें १९२५ ची ती दुरुस्ती मनांतल्या मनांत मांडल्यावांचून मी ते साठ कोणाला सांगत नाहीं.

परंतु मला खरी अडचण मोठ्या आंकड्यांची वाटत नाहीं. ती वाटते पूज्याची. शून्याला पूज्य म्हणण्याची आपली जुनी चाल मला फार आवडते. जें कांहींच नाहीं त्यालाही मान द्यावा, अशी सभ्यता तीत आहे. या यंत्राच्या उत्तरांत मात्र दोन जातींचीं पूज्यें असतात आणि दोघांचें रूप अगदीं एक असतें. गोल झालाच नाहीं, हें एक. गोल झाला पण कोणी टिपून ठेविला नाहीं, हें दुसरें. पहिलें खरेंखुरें शून्य. दुसरी नुसती रिकामी जागा. यंत्रानें तिच्या कपाळीं पूज्याचा टिळा लावला आहे इतकेंच.

लीगच्या आरंभकाळचीं वर्तमानपत्रें पाहावींत. कित्येक गोलांपुढें करणाऱ्याचें नांवच आढळत नाहीं. गोलापुढें झुंबड उडाली आणि त्या झुंबडींतून चेंडू आंत गेला, एवढेंच बातमीदार लिहून मोकळा होतो. त्याला तरी दोष कसा द्यावा? खेळाडूंच्या पाठीवर आंकडे घालण्याची सक्ती लीगनें १९३९ सालीं केली. तोंवर चिखलानें माखलेल्या बावीस माणसांतून कोणाचा पाय लागला हें दुरून ओळखावयाचें, आणि तेंही इंग्लंडच्या हिवाळ्यांतल्या दुपारच्या उजेडांत! झुंबड हाच मग एक खेळाडू होऊन बसला, व तो प्रत्येक संघाकडून खेळूं लागला. त्याच्या नांवावर किती भल्या माणसांची कमाई जमा झाली असेल!

लीगमधला पहिला गोल कोणाचा, हा तर साधा प्रश्न. पण त्याचें उत्तर सव्वाशें वर्षें चुकत होतें. ८ सप्टेंबर १८८८ रोजीं पहिले सामने झाले. पहिला गोल ॲस्टन व्हिलाच्या गर्शम कॉक्सचा, आणि तो त्यानें स्वतःच्याच संघावर केला, असें ग्रंथांतरीं छापून येत असे. बिचाऱ्या कॉक्सच्या माथीं हा विनोदी मान कायमचा बसला होता. पुढें दोन संशोधकांनीं जुन्या वर्तमानपत्रांतून प्रत्येक सामना केव्हां सुरू झाला याच्या वेळा ताडून पाहिल्या, आणि २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, बोल्टनचा सामना पावणेचारला सुरू झाला आणि दोनच मिनिटांनीं केनी डॅव्हनपोर्टनें गोल केला. कॉक्सच्या हातून, म्हणजे पायांतून, जें घडलें तें त्याच्या नंतरचें. गंमत अशी कीं, आरंभीं तीन-शून्य पुढें असलेलें बोल्टन तो सामना सहा-तीन असा हरलें. त्या दिवशीं घरीं जातांना डॅव्हनपोर्टच्या मनांत पहिलेपणाचा विचार येण्याचें कांहींच कारण नव्हतें.

गांवोगांव फिरून माळ्यावरचीं दप्तरें उलगडणाऱ्या राजवाड्यांची जात अशी सर्व देशांत व सर्व विषयांत आहे. फुटबॉलच्या आंकड्यांसाठीं १९९४ सालीं अशाच हौशी मंडळींनीं इंटरनेटवर एक संस्था काढली. देशोदेशींचे निकाल जमवावयाचे, पगार कोणी घ्यावयाचा नाहीं. शोधयंत्राची कळ दाबतांना आपल्याला वाटतें कीं यंत्रानें शोधलें. शोधलें असतें तें आधींच कोणीतरी, ग्रंथालयांत धुळीनें शिंकत बसून.

या लोकांनीं नुसती करमणूक केली असें मला वाटत नाहीं. १९३० सालीं पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तींत १७ जुलैला अमेरिकेनें पॅराग्वेचा तीन-शून्य असा पराभव केला. बर्ट पेटनॉड नांवाच्या तरुणाचे तिन्ही गोल होते. पण मधला गोल कोणी त्याच्या सोबत्याच्या नांवावर लिही, कोणी तो प्रतिपक्षाच्याच पायाचा म्हणे. म्हणून विश्वचषकांतील पहिल्या हॅट्ट्रिकचा मान दोन दिवसांनंतर तीन गोल करणाऱ्या अर्जेंटिनाच्या स्टाबिलेकडे गेला. फिफानें ही नोंद दुरुस्त केली ती २००६ सालीं. पेटनॉड १९७४ मध्येंच वारला होता. आतां कळ दाबली कीं त्याच्या नांवापुढें स्वच्छ तीन उमटतात. ते ज्याला दाखवावयाचे तो नाहीं, ही यंत्राची चूक नव्हे.

आणखी एक प्रकार आहे. गोल झाले, हजारोंनीं पाहिले, नीट टिपले, आणि तरी जमेस धरले नाहींत. २८ जानेवारी १९६१ रोजीं ल्यूटनच्या मैदानावर मँचेस्टर सिटीचा चषकाचा सामना होता. ल्यूटननें आरंभीं दोन गोल केले. मग डेनिस लॉ या विशींतल्या गड्यानें ओळीनें सहा केले. पावसानें मैदानाचें तळें झालें होतें. सहा-दोन असा फलक असतां एकोणसत्तराव्या मिनिटाला पंचांनीं सामना थांबविला व तो रद्द ठरला. तो पुन्हां खेळला गेला तेव्हां सिटी तीन-एक हरली, आणि सिटीचा तो एक गोलही लॉचाच! सात गोल करून माणूस स्पर्धेबाहेर गेला आणि हिशेबांत त्याच्या नांवें एक पडला. यंत्राला विचारावें तर तें एकच म्हणतें. नियमाप्रमाणें तें बरोबरही आहे. मात्र चांगल्या भांडारांत खालीं बारीक अक्षरांत टीप असते: सामना रद्द, लॉचे सहा गोल. ती टीप ज्यानें प्रथम घातली त्याच्याविषयीं मला मोठा आदर वाटतो.

माझे एक मामा आहेत. वय शहाऐंशी. तरुणपणीं ते परळच्या एका गिरणींत होते व गिरणीच्या संघांतून डाव्या बगलेला खेळत. रोव्हर्स चषकाचे सामने त्यांनीं कूपरेजवर उभ्यानें पाहिलेले आहेत. १८९१ पासून मुंबईंत होत आलेली ती स्पर्धा २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडली, याचें दुःख ते घरच्या दुःखासारखें बोलून दाखवितात. माझें हें वेड कानावर गेल्यावर ते एका संध्याकाळीं मुद्दाम आले आणि खुर्ची ओढून म्हणाले, “नेव्हिलचे काढ.”

नेव्हिल डिसोझा म्हणजे मुंबईचा गडी. मीं नांव घातलें. मेलबर्न, १ डिसेंबर १९५६, ऑलिंपिक, भारत चार, ऑस्ट्रेलिया दोन, डिसोझा तीन. ऑलिंपिकमध्यें हॅट्ट्रिक करणारा आशियांतला पहिला खेळाडू तो. मग उपांत्य सामना युगोस्लाव्हियाशीं. हरलों चार-एक, पण तो एक नेव्हिलचा. त्या स्पर्धेंत चारांच्या वर कोणाचेच गोल नाहींत. त्र्यंबकच्या उपाध्यायाच्या वहींत आजोबांची सही सांपडावी तसे मामा त्या ओळींकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आतां माझे काढ.”

मीं त्यांचें नांव घातलें, आडनांव घातलें, कळ दाबली. पूज्य आलें.

“म्हणजे मीं मारलेच नाहींत असें कां तें म्हणतें?”

तसें नव्हे, असें म्हणून मीं त्यांना लॉची हकीकत सांगितली. ती त्यांनीं लक्षपूर्वक ऐकली. “त्याचे सहा पुसले,” ते म्हणाले, “पण पुसले हें तरी कोणी लिहून ठेवलें आहे ना?”

मीं कपाटांतून एक कोरी वही काढली व त्यांना सांगावयास लावलें. पावसाळ्यांतला सामना, समोर शेजारच्याच गिरणीचा संघ, दोन-एक जिंकलों, दोन्ही गोल उत्तरार्धांत. साल एकसष्ट कीं बासष्ट हें त्यांना नक्की आठवेना. पहिला गोल डाव्या पायाचा, लांबून, गोलरक्षकाच्या बोटांना लागून आंत गेलेला; तो सांगतांना ते खुर्चीवरून अर्धवट उठले. मीं तो लिहिला आणि दुसऱ्याबद्दल विचारलें.

ते थोडा वेळ गप्प बसले. “अरे, तो माझा नव्हे. कॉर्नर आला, सगळे एकदम तुटून पडले. माझ्या गुडघ्याला लागला खरा. पण मग त्यांच्या बॅकच्या पाठीला लागून आंत गेला. गिरणींत सगळे माझाच म्हणत, आणि मीही कधीं नाहीं म्हटलें नाहीं. पण तूं लिहितो आहेस तर माझा म्हणून लिहूं नकोस.”

मीं लिहिलें: पहिला मामांचा, दुसरा झुंबडींत. सालाची जागा तूर्त मोकळी ठेविली आहे.