याशिकाचे सुटे भाग

याशिका-मॅट १२४ जी. दोन भिंगांचा कॅमेरा: वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो. १९७० ते १९८६ पर्यंत बनत होता. १९८३ मध्ये याशिका क्योसेरात विलीन झाली आणि क्योसेराने २००५ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच सोडायचं ठरवलं. आता सुटा भाग मिळतो तो दुसऱ्या बंद पडलेल्या याशिकाच्या पोटातून.

*

शटर अडकलं की लोक थेट शटर शोधायला निघतात. पुष्कळदा पात्यांवर नुसतं जुनं तेल चढलेलं असतं. आधी सफाई, मग शोधाशोध.

*

खरी गोची क्रँकची. एकाच फिरवण्यात फिल्म पुढे सरकते आणि शटरही ताणलं जातं, म्हणून सगळा भार त्या गिअरांवर. याशिका-डी समोर आला तरी त्यासाठी घेऊ नये. त्यात फिल्मची मूठ वेगळी नि शटर ताणायचा खटका वेगळा. बिनमीटरच्या जुन्या मॅटपेक्षा साधा १२४ शोधावा, त्याचे बरेच भाग १२४ जीला चालतात.

*

मुंबईत बोरा बाजार, पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार. मी तिथे बुरशी लागलेल्या भिंगाचा कॅमेरा आधी हातात घेतो. भिंग गेलं म्हणून स्वस्त मिळतो आणि आतली यंत्रणा अनेकदा धडधाकट असते. स्क्रूंची डोकी झिजलेली दिसली तर मात्र ठेवून द्यावा: कुणीतरी आधीच उघडलाय, आत काय उरलंय कोण जाणे.

*

आरसा. मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला हवा; घरचा आरसा कापून लावला तर प्रतिमा दुहेरी दिसते. भंगारातल्या स्कॅनरमध्ये असा आरसा सापडतो. काच कापणाऱ्याकडून मूळ आरशाच्याच जाडीचा, मापात कापून घ्यायचा. पृष्ठभागाला बोट लागू द्यायचं नाही.

*

मीटरचा पाऱ्याचा सेल १.३५ व्होल्टचा, आता बनत नाही. १.५ व्होल्टचा घातला तर मीटर चुकीचं सांगतं. श्रवणयंत्रातला ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा; भोवती रबरी कडं घातलं की बसतो. मात्र चिकटपट्टी काढल्यापासून काही आठवडेच टिकतो. मीटर पार मेलं असेल तर त्याच्या मागे लागू नये. शटर यांत्रिक आहे, मीटरवाचून चालतं.

*

पाठीच्या झाकणाचा फोम चिकट होऊन गळतो. हा भाग कुणाच्या पोटातून काढायची गरज नाही, काळ्या मखमलीची पट्टी पुरते.

*

हूड नि फिल्टर बे-१ मापाचे, ते अजून सहज मिळतात.

*

बंद होणाऱ्या स्टुडिओंनी असे कॅमेरे किलोच्या भावाने देऊ नयेत, हे मी भेटेल त्या मालकाला सांगतो. एक धड क्रँक निघाला तरी दुसरा कॅमेरा पुन्हा फोटो काढतो.

*

उघडायला जपानी जेआयएस स्क्रूड्रायव्हरच हवा. साधा फिलिप्स डोकी खातो. बाजूच्या चामड्याखालीही स्क्रू असतात. चामडं हळू सोडवायचं, आणि दाता कॅमेऱ्याचं चामडंही जपून ठेवायचं.