न उजळलेली गाठ

आयुष्यभर शाळेत गणित शिकवले की माणसाचा यंत्रावर फाजील विश्वास बसतो. निदान माझा तरी बसला होता.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. शेणव्याची भातशेती त्यांनीच केली आणि तिच्यावरच मला शिकवले. तीन वर्षांपूर्वीच्या आश्विनात पोटात दुखते म्हणून शहापूरला सोनोग्राफी केली, तर उजव्या मूत्रपिंडात चार सेंटिमीटरची गाठ दिसली. मुंबईच्या सर्जननी सीटी स्कॅन पाहून सांगितले, "कर्करोगच दिसतोय. काढून टाकू."

पण मी पडलो शिकलेला भाऊ! पेट स्कॅन म्हणजे शेवटचा शब्द, असे कुठेसे ऐकले होते. सर्जन गरज नाही म्हणत असताना दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळवून मी दादांना घेऊन गेलो. त्यासाठी कणगीतले भात विकावे लागले. वहिनींनी मला त्याबद्दल अजून पुरते माफ केलेले नाही.

युक्ती मात्र मोठी झकास! कर्करोगाच्या पेशी बहुधा साखरेला हावऱ्या. म्हणून ग्लुकोजच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून शिरेतून सोडायचे; जिथे ते साठेल तिथे पडद्यावर उजेड. हे फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मे होते, म्हणून सायक्लोट्रॉनमध्ये बनवून लगोलग वापरावे लागते. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळला सुरू झाला. "आज लहान मुलांना जवळ घेऊ नका," असे दादांना बजावले होते. आसनगावच्या लोकलमध्ये मी हिशेब मांडला: सकाळी दहाचे इंजेक्शन, संध्याकाळी सातला घर, जवळजवळ पाच वेळा निम्मे, म्हणजे उरला बत्तिसावा भाग. तरीही त्या रात्री दादा नातवाशी बोलले ते ओटीवरूनच.

अहवालात लिहिले होते: गाठ आहे, पण ती साखर विशेष घेत नाही. दादांनी एवढेच ऐकले, की दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी घरात पेढे! शस्त्रक्रियेचे नाव काढले की म्हणत, "तूच नेलंस ना त्या मशीनकडं? ती नाय म्हणते, मग कापायचं कशाला?" काय बोलणार? तीन आठवडे ते खुशाल भात झोडत होते आणि मला झोप नव्हती.

शेवटी कसेबसे त्यांना सर्जनपुढे नेऊन बसवले. पडद्यावर दोन्ही मूत्रपिंडे आणि मूत्राशय झगमगत होते. साधी साखर मूत्रपिंड पुन्हा रक्तात ओढून घेते. ही फ्लोरिनवाली मात्र लघवीत जाते. म्हणजे निरोगी भागच उजळलेला. त्यात गाठ शोधणे म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात काजवा शोधणे. शिवाय मूत्रपिंडातल्या कितीतरी गाठींना साखरेची हावच नसते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूळ गाठ ओळखण्यात पेट स्कॅन शंभरात ६० वेळा यशस्वी झाला होता, आणि सीटी ९० हून अधिक वेळा.

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे रानडुकरासारखं. बॅटरी मारली नि डोळे चमकले नाय, म्हणून शेतात डुक्कर नाय असं नाय." सर्जन हसले. मी हसलो नाही. गाठ काढली, आणि निघाला कर्करोगच.

यंदा उन्हाळ्यात दादांची कंबर दुखू लागली. सीटीत हाडावर पुसटसा डाग. म्हातारपणाचा की रोगाचा, ते ठरेना. या वेळी सर्जननी आपणहून पेट स्कॅन लिहून दिला. मला आश्चर्य वाटलेले पाहून म्हणाले, "आता मूत्रपिंडात नाही, बाहेर शोधायचंय." त्या हाडात लख्ख दिवा लागला होता, बाकी कुठे काही नाही. सुईने तुकडा काढून खात्री केली आणि तेवढ्याच जागी किरण दिले.

साखरेऐवजी कर्करोगाच्या पेशीवरचे एक प्रथिन हुडकणारे औषधही आता निघाले आहे. त्याला झिर्कोनियम जोडतात, आणि ते मुख्यतः यकृतावाटे जात असल्याने मूत्रपिंड झगमगत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा जो नेहमीचा प्रकार, त्याच्या शंभरातल्या ८६ गाठी त्याने बरोबर दाखवल्या. मी हे दादांना उत्साहाने सांगू लागलो, तर वहिनींनी स्वयंपाकघरातून नुसते भांडे आपटले.

काल दादा ओटीवर विळ्याला धार लावीत बसले होते. "पुढचा फोटो कधी रे?"

"मार्गशीर्षात. साधा सीटी."

"बरं," ते म्हणाले. "मग यंदा भात राहू दे कणगीत."