देणाऱ्याची नजर

साताऱ्यातील वसतिगृहात मुलांच्या जेवणाची अडचण झाली, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही मोडले. हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात गहिवरून सांगतो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याचे परीक्षाशुल्क मी भरले. तेव्हापासून तो मला टाळू लागला. मी मनोमन त्याला कृतघ्न ठरवले. एकदा तोच म्हणाला, "सर, तुम्ही दिसलात की मला पैसेच आठवतात." मी निरुत्तर झालो. भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग घेतला, त्यात घेणाऱ्याची मान ताठ ठेवण्याची केवढी जाण होती!

यंदा दुसऱ्या एकाचे शुल्क मी नाव न सांगता भरले. आभार मानायला कोणी येणार नव्हतेच. तरी दाराकडे दोनदा पाहिले, हे कबूल करायला हवे.