डोळ्याला न दिसणारे सालदार

हरभऱ्याची मर एका दिवसात दिसत नाही. आज दोन झाडं मान टाकतात, पाणी कमी पडलं असेल म्हणून माणूस पुढे जातो. चार दिवसांनी तिथंच दहा वाळतात. झाड उपटून खोड उभं चिरलं की आत तपकिरी-काळी रेघ. मग समजायचं, बुरशी मुळातून वर चढली, झाडाच्या पाणी प्यायच्या नळ्याच बुजल्या. आता वरून काहीही फवारा, पैसे मातीत.

आमचं शिवार चोपड्याकडचं. मळ्याजवळच्या दोन एकरांत ही मर घुसली. ही फ्युजेरियम बुरशी हरभरा नसला तरी मातीत सहा-सहा वर्षं तग धरते, म्हणजे एक-दोन हंगाम पीक बदलून सुटका नाही. आणि हरभरा सोडणं परवडणारं नव्हतं. कपाशीचा पैसा खत-मजुरीतच जिरतो. सोसायटीचं कर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं तर हरभऱ्याचाच आधार. ते थकलं की पुढच्या खरिपाला कुणाच्या दारात उभं राहायचं?

भाचा शिरपूरचा, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलेला. तो सुडोमोनासचं पाकीट घेऊन आला. हिने ते उलटंपालटं करून विचारलं, "ह्या डोयाले दिसतस का?"

"नाही मामी, पण सालदारापेक्षा चोख काम करतात."

त्याने सांगितलं ते असं. हे जिवाणू मुळाभोवती वस्ती करतात, मुळातून झिरपणाऱ्या रसावर जगतात. मातीतलं लोह आधीच ओढून घेतात, बुरशीला उपाशी ठेवतात. काही तर बुरशीला मारक द्रव्यंही सोडतात. प्रयोगशाळेत अतिनील उजेडात ते पिवळट-हिरवे चमकतात, त्यावरूनच त्यांच्या नावात 'फ्लुरोसन्स' आलं. मला मात्र जागा अडवायची गोष्ट पटली. एसटीत खिडकीतून आधी रुमाल टाकला त्याची जागा, तसंच हे. म्हणूनच पेरणीआधी बियाण्याला लावायचं. मर दिसल्यावर धावपळ करून फार हाती लागत नाही.

बियाणं राहुरी विद्यापीठाचं 'विजय', ते मूळचंच मरेला दाद न देणारं. किलोला १० ग्रॅम भुकटी, गुळाच्या पाण्याचा हात, आणि ओसरीत सावलीला सुकवलं. उन्हात पसरलं तर सालदार कामाला लागायच्या आधीच मेले. उरलेली भुकटी ओलसर शेणखतात मिसळून शेतात टाकली. पाकिटावरची तारीख बघावी, आणि दुकानाच्या पत्र्याखाली तापलेलं पाकीट फुकट मिळालं तरी घेऊ नये. त्याच पंपात स्ट्रेप्टोसायक्लिन घालणारेही मी पाहिलेत. ते औषध जिवाणू मारायलाच असतं, बाबांनो!

बांधाकडची चार तासं मी मुद्दाम तशीच पेरली. मर दोन्हीकडे दिसली, खोटं कशाला बोलू. पण त्या चार तासांतल्या खाडी बांधावरून दिसायच्या, आत शोधाव्या लागायच्या. भाचा म्हणाला, "मामा, एका वर्षावरून ठरवू नका." बरोबर आहे त्याचं. पाऊस, थंडी, जमीन, सगळंच त्यात येतं. तरी सोसायटीचं कर्ज मुदतीत फिटलं, ते काही मी विसरणार नाही.

हिने हुळ्यासाठी घाटे त्या चार तासांतलेच तोडले. "आतल्यांना हात लावू नका," म्हणे. आता नवं पाकीट आणलं की ती ते माठाशेजारी, गारव्याला ठेवते.