गाळलेलं पाणी

बेळगुंदीच्या आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे. परड्यातल्या विहिरीतून घागर आली की आई तिच्या तोंडाला दुपदरी फडकं लावायची. गाळून झालं की तेच फडकं उलटं धरून त्यावर थोडं गाळलेलं पाणी सोडायची आणि ते धुवण घेऊन पुन्हा विहिरीवर जायची. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात गेले पाहिजेत, एवढंच तिचं म्हणणं. नळ आला, फिल्टर आला, तरी विहिरीचं पाणी काढलं की तिची ती दुसरी फेरी चुकत नाही.

अशा घरात माझ्या धाकट्या भावानं पेट्रोलवर धावणारी होडी बांधली.

याचं मूळ स्तवनिधीच्या यात्रेत आहे. तिथं आण्णांनी त्याला पत्र्याची फटफट होडी घेऊन दिली होती. पोटात तेलाची वात पेटवायची. वरच्या चपट्या डबीतलं पाणी तापलं की वाफ मागच्या नळ्यांतून पाणी ढकलायची, परत आत ओढायची, आणि होडी परातीत फट्‌फट्‌ करत गोल फिरायची. दुसऱ्या दिवशी यानं ती उकलली. आतून काही सापडलं नाही म्हणून रडला. आण्णांनी पुन्हा डाग देऊन जोडली, पण ती फिरली नाही ती नाहीच.

पुढे तो उद्यमबागेत टर्नर झाला. बेळगावात फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने जागोजाग, त्यामुळे असल्या वेडाला लागणारं सगळं हाताशी. शेतात गवत कापायच्या यंत्राचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन कुठूनतरी आणलं. हे इंजिन वाऱ्यावर थंड होणारं. होडीच्या बंद पोटात ते दहा मिनिटांत भाजून निघेल, म्हणून त्यानं सिलिंडरभोवती ॲल्युमिनियमचं कवच लेथवर स्वतः उतरवलं. कवचात पाणी खेळवायला पंप नाही. सुकाणूच्या पात्यात एक बारीक भोक. होडी धावली की पाणी आपल्याच जोरानं त्यातून आत शिरतं, इंजिनाभोवती फिरून बाजूच्या नळीतून बाहेर पडतं. "बाजूची धार थांबली की समज, इंजिन गेलं," तो मला सांगायचा. रेडिओचा रिसीव्हर प्लास्टिकच्या डब्यात बंद, रिकाम्या जागेत थर्माकोल, म्हणजे उलटली तरी बुडायची नाही. लिटरभर पेट्रोलात चाळीस मिली तेल. एवढं सगळं त्यानं मला निपाणीला फोनवर शिकवलं. मी भाजी निवडत ऐकत असे.

आईनं एकदा विचारलं, "दोरी नाही, मग ऐकती कशी तुझं?" तेव्हा यानं निकोला टेस्लाची गोष्ट सांगितली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं पाण्याच्या टाकीत बिनतारी होडी फिरवून दाखवली होती. आई म्हणाली, "टाकीत न्हवं? बरं केलं बाबानं."

प्रश्न पाण्याचाच होता. राकसकोपचा जलाशय आमच्यापासून जवळ. पण ते बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी; तिथं असलं काही करायचं नाही, हे त्याचं त्यालाच कळत होतं. गावच्या तळ्यावर गुरं येतात. शेवटी एक जुनी दगडाची खाण सापडली, पावसाच्या पाण्यानं भरलेली. चातुर्मास सरल्यावर, दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा आम्ही सगळे तिथं गेलो. आईसुद्धा आली. दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवायचं, या अटीवर.

यानं दोरी ओढली. चौथ्या ओढीला इंजिन भडकलं. तो आवाज खाणीच्या भिंतींवर आपटून असा परत आला की मी कानांवर हात घेतले. होडी सुटली ती पाण्यावर नव्हे, पाण्याला नुसती चाटत निघाली. मागं पांढऱ्या पाण्याचा पिसारा. "धर आक्का," म्हणून त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. अंगठ्याएवढ्या हालचालीनं ते सगळं वळत होतं. खरं सांगते, पन्नाशीच्या बाईला इतका आनंद होणं शोभत नाही, पण झाला. मी ओरडले. वळण चुकलं, होडी उलटली, इंजिनात पाणी गेलं.

टायरच्या ट्यूबवर बसून, हातानं पाणी मारत भाऊ तिला घेऊन आला. प्लग काढून, दोरी ओढून सिलिंडरातलं पाणी बाहेर काढू लागला. आई तेवढ्यात काठाशी उकिडवी बसली होती. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग पसरत होता, मोरपिसासारखा रंगीत. त्याच्या कडेला पाण्यावर धावणारे बारके किडे होते. आईनं बोट बुडवून वास घेतला.

"हे पाणी आता कोण गाळणार?"

ती रागानं बोलली नाही. भाऊ प्लग हातात धरून तसाच उभा राहिला. तेल इंधनातच मिसळलेलं. धुरातून थोडं तरी पाण्यात उतरणारच. तेल घातलं नाही तर इंजिन जळतं. यातून पळवाट नाही, हे त्या दोघांना ठाऊक होतं.

मला त्याला चार शब्द सांगावेसे वाटले. मग आठवलं, मी निपाणीची सून. आमच्या घराला तंबाखूचा वास आहे. माझ्या मुलांच्या शाळेची फी त्या पानांतून गेली, आणि त्यांच्या धुरानं कुणाची छाती भरली हे मी कधी विचारलं नाही. आम्ही पाणी मात्र न चुकता गाळत आलो. मी गप्प बसले.

त्यानंतर भावानं इंजिन काढून पडवीतल्या स्टँडवर बसवलं. होडीत बॅटरीची मोटार घातली. ती चांगली धावते, पण आवाज नाही. "आत जीव नसल्यागत वाटतंय," असं तो म्हणतो, आणि मग आईकडे बघून जीभ चावतो. रविवारी कधीतरी तो स्टँडवर इंजिन सुरू करतो. दोन मिनिटं सगळी गल्ली हादरते. आई आतून ओरडते, "बंद कर रे ते!"

पण दोन मिनिटं झाल्याशिवाय ओरडत नाही, हे मी घड्याळ लावून पाहिलंय.